वर्दी, व्याकरण आणि आम्ही

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांना पहाटे चारलाच जाग येते. मूलच्या रस्त्याला जा, सिंदेवाहीकडे जा, नाहीतर वैनगंगा ओलांडून चामोर्शीकडे. अंधारात पोरे-पोरी धावताना दिसतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणी अनवाणीच. बाजूने एखादा मोठा भाऊ सायकलवरून मोबाईलमध्ये वेळ मोजत जातो. चंद्रपूरला कोळसा आहे, सिमेंट आहे, वीज आहे. पण धानाच्या एका पिकावर जगणाऱ्या खेड्यातल्या घराला पक्क्या नोकरीचे नाव काढले की पहिली आठवते ती वर्दीच. पोलीस, राखीव दल, केंद्राचे दल, नाहीतर वनखाते.

आमच्या मोहल्ल्यातले लोक फजरची नमाज पढून मशिदीच्या पायऱ्या उतरत असतात तेव्हा ही पोरे समोरून जातात. बुजुर्ग थांबून त्यांना वाट देतात. एखादा कौतुकाने म्हणतो, "माशाअल्लाह, क्या मेहनत करते बच्चे!" आणि घरी येऊन आपल्या मुलाला झोपू देतो. हे आम्ही टोमणा म्हणून लिहीत नाही. आम्ही त्याच मोहल्ल्यात राहतो आणि आमच्या घरीही असेच झाले होते. ते पुढे येईलच.

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. दोन वर्षांपूर्वी बारावी झालेली आमची एक विद्यार्थिनी दाखला घ्यायला शाळेत आली. वडिलांचे पंक्चरचे दुकान, घरात चार भावंडे, ही सर्वांत मोठी. दाखला घेतला, सलाम केला, तरी दाराशी उभीच राहिली. मग म्हणाली, "सर, पुलिस में हमको लेते क्या?"

प्रश्न लहान होता. पण त्यातला 'हमको' म्हणजे नेमके कोण, हे आम्हाला कळेना. मुलींना? मुसलमानांना? की उर्दूतून शिकलेल्यांना? बहुधा तिन्ही. आम्ही म्हणालो, "लेते. क्यों नहीं लेते?" ती खूश होऊन गेली. आपण अर्धेच उत्तर दिले, असे मात्र आम्हाला दिवसभर वाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही. "सर, आपने बेटी को पुलिस का बोला?" आम्ही हो म्हणालो. त्यावर तिने सरळ विचारले, "फिर आप खुद काहे को नहीं गये? दौड़ते तो आप भी थे. मैंने देखा है."

एकाच मोहल्ल्यात राहण्याचा हा तोटा आहे. शिक्षक झालात तरी लोकांना तुमचे आधीचे आयुष्य पाठ असते.

२००९ साली आम्ही विशीत होतो, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. चार-पाच मित्र मिळून रोज पहाटे धावायचो. भरती आली की उतरायचे, असे ठरले होते. गडचिरोली जिल्ह्यासाठी ते वर्ष फार वाईट गेले. १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ पोलीस मारले गेले. २१ मे रोजी हत्तीगोटाजवळ १६, त्यात पाच महिला शिपाई होत्या. ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७. विधानसभेचे मतदान तेव्हा पाच दिवसांवर आले होते. एका वर्षात, तीन घटनांत ४८ माणसे गेली. वर्तमानपत्रात पानभर फोटो येत. आमच्या अम्मीला मराठी वाचता येत नव्हते, पण फोटो मोजता येत होते. लाहेरीच्या बातमीनंतर दुसऱ्या पहाटे आम्ही उठलो तर दाराशी ठेवलेले बूट नव्हते. अम्मी चुलीपाशी पाठ करून बसली होती. बूट कुठे गेले हे आम्ही विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

आजवर आम्ही ही गोष्ट 'अम्मीने जाऊ दिले नाही' अशीच सांगत आलो. त्या दिवशी त्या बाईसमोर ती तशी सांगवेना. कारण खरी गोष्ट अशी की बूट नाहीसे झालेले पाहून आम्हाला सुटल्यासारखे वाटले होते. भीती आमचीच होती, अम्मीने ती फक्त आपल्या अंगावर घेतली. आम्ही म्हणालो, "आपा, मैं डर गया था."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तो मेरी बेटी को काहे को भेजते?"

"मैं नहीं भेजता. वो जाना चाहती है. मैं सिर्फ रास्ता बताऊंगा."

हे बोलून तर गेलो. पण ती गेल्यावर लक्षात आले की रस्ता आम्हालाही ठाऊक नव्हता. बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकलो, पाठनियोजन शिकलो. पण आपल्या जिल्ह्यातले मूल शिपाई कसे होते, हे कधी कुणी शिकवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. मग शोध सुरू केला. सायबर कॅफेवाल्याला विचारले, निवृत्त हवालदाराला विचारले, भरती झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठले. जे कळले ते इथे थोडक्यात लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांत शिक्षकही असतील आणि आईबापही.

राज्य पोलीस दलात शिपायाला बारावी पास लागते. आधी मैदान, ५० गुणांचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. त्यात निम्मे गुण मिळाले तर पुढे जाता येते, तेही एका जागेला दहा जण या हिशोबाने. मग लेखी परीक्षा, १०० गुणांची, दीड तासाची. मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. राज्य राखीव पोलीस दलाचा एक गट तर आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात, वडशाजवळ विसोऱ्याला आहे. केंद्राच्या दलांना, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांना, शिपायासाठी दहावी पुरते आणि सगळ्यांची मिळून एकच परीक्षा असते. सैन्यात २०२२पासून अग्निवीर आले. चार वर्षांची नोकरी आणि त्यातले चौथाई पुढे कायम. बाकीचे घरी परततात, हे घरच्यांना आधी सांगायला हवे. लहान मुलांसाठी २०१९पासून विसापूरजवळ सैनिकी शाळा आहे. अधिकारी व्हायचे असेल तर औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९७७पासून मुलांची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. मुलींसाठी तशीच संस्था २०२३मध्ये नाशिकला झाली. आणि ज्याला धावणे जमत नाही, पण ज्याने आयटीआय केले आहे, त्याला भद्रावतीची आयुध निर्माणी आहे. २०२१च्या ऑक्टोबरपासून ती म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेली. तिथे दारूगोळा भरला जातो. देशाच्या रक्षणाचेच तेही काम.

या शोधात एक गोष्ट कळली आणि आम्ही खुर्चीतच बसून राहिलो. केंद्रीय दलांची शिपायाची परीक्षा पूर्वी फक्त हिंदी आणि इंग्रजीत व्हायची. २०२४पासून ती आणखी १३ भाषांत होते. त्यांत मराठी आहे आणि उर्दूही आहे. म्हणजे धानोऱ्याला आणि अहेरीला ज्या सीआरपीएफच्या छावण्या आपण येता-जाता बघतो, त्या दलाचा पेपर आमचे मूल ज्या भाषेत दहा वर्षे शिकले त्या भाषेत सोडवू शकते. २०२३च्या एप्रिलमध्ये ही घोषणा झाली होती. आमच्या शाळेत कुणाला पत्ता नव्हता. उर्दूवर अन्याय होतो, हे भाषण आम्ही दर वर्षी यौमे-उर्दूला करतो. उर्दूसाठी दार उघडले तेव्हा मात्र आम्ही जागेवर नव्हतो.

पण आमच्या विद्यार्थिनीला केंद्रीय दलात जायचे नव्हते. तिला आपल्या जिल्ह्यात, ठाण्यातच काम करायचे होते. का, ते आम्ही तेव्हा विचारले नाही. राज्याचा पेपर मराठीत असतो. तेव्हा शाळा सुटल्यावर तिला मराठी शिकवायचे ठरले. आठवड्याभरात आणखी पाच मुले येऊन बसली.

पहिल्याच दिवशी व्याकरणाचे पुस्तक उघडले आणि 'प्रयोग' हा धडा निघाला. एका मुलाने विचारले, "सर, ये तो साइन्स का है ना?" आम्ही हसलो, पण चूक त्याची नव्हती. प्रयोग म्हणजे त्याच्या लेखी प्रयोगशाळेतला तजुर्बा. कर्तरी, कर्मणी, भावे ही नावे त्याने कधी ऐकलीच नव्हती. दुसरी अडचण लिंगाची. उर्दूत नपुंसकलिंग नाही. आमची मुले किताब म्हणतात ती स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक' लिहितात. 'ते पुस्तक' म्हणायला जीभच वळत नाही. मग लक्षात आले की अडचण व्याकरणाच्या गुणांपुरती नाही. गणित येत असते, पण गणिताची भाषा येत नाही. मसावि काढा म्हटले की मूल थांबते. तेच आदे-आझम म्हटले की झटकन काढते. मुसल्लस म्हणजे त्रिकोण, फीसद म्हणजे शेकडा, हे त्याच्या डोक्यात दर वेळी उलटून घ्यावे लागते, आणि दीड तासाच्या पेपरात दर प्रश्नाला काही सेकंद त्यातच जातात. धावण्याच्या शर्यतीत पायाला दगड बांधून उभे राहावे तसे हे आहे. आणि दगड बांधणाऱ्यांत आम्ही शिक्षकही आहोत. मराठीचा तास आमच्या शाळांत पुष्कळदा 'पास होण्यापुरता' घेतला जातो. आम्हीही तो तसाच घेत होतो.

गडचिरोलीची गोष्ट या बाबतीत विचार करण्यासारखी आहे. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. १९९० साली तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० जवानांचे एक पथक उभारले. तेच आजचे सी-६०. त्यात मुद्दाम स्थानिक आदिवासी तरुण घेतले, कारण त्यांना जंगल ठाऊक होते आणि लोकांची भाषा येत होती. तिथल्या पोलीस भरतीत गोंडी-माडियाची वेगळी परीक्षा झालेली आहे. ठाण्यांमधून दाखले, अर्ज आणि योजनांची मदत मिळण्यासाठी जी खिडकी उघडली तिचे नावही 'पोलीस दादालोरा खिडकी'. दादालोरा हा शब्द गोंडीतला. बंदूक असलेल्या खात्यालाही शेवटी हे मानावे लागले की ज्याचे रक्षण करायचे त्याचे बोलणे आधी समजले पाहिजे.

हे आम्ही वर्गात सांगत होतो तेव्हा ती विद्यार्थिनी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. काही वर्षांपूर्वी तिच्या अम्मीचा बसमध्ये मोबाईल आणि पैशाची पिशवी चोरीला गेली. अम्मी तक्रार द्यायला गेली. घाबरलेली बाई, मराठी तुटके. समोरच्या माणसाला घाई. तो विचारे एक आणि ही सांगे दुसरेच. शेवटी 'घरातल्या पुरुषाला घेऊन या' असे ऐकून परत आली आणि पुन्हा गेलीच नाही. कुणी मारले नाही, शिवी दिली नाही. फक्त समजून घेतले नाही. "सर, वहाँ एक तो होना ना, जो उसकी बात समझे," मुलगी म्हणाली.

तिच्या 'हमको'चा अर्थ आम्हाला त्या दिवशी कळला. आणि तिला मराठी का पक्के यायला हवे, हेही तिला त्याच गोष्टीतून सांगता आले. अम्मीचे बोलणे कुणाला समजले नाही याचे जसे तुला दुःख आहे, तसेच उद्या पोंभुर्ण्याहून शेताच्या बांधाची तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्याचे बोलणे तुला समजले नाही तर त्यालाही होईल. मराठी ही परीक्षेची अट असेल, पण त्याआधी ती त्या म्हाताऱ्याची भाषा आहे. आणि गेली कित्येक शतके ती आपलीही आहे. घरात आपण काहीही बोलत असू, बाजारात, शेतात, दवाखान्यात आपण मराठीच बोलतो. लिहायची तेवढी राहून गेली.

भाषेनंतर कागद. आमच्या मुलांचे निम्मे बळ कागदांत जाते. दाखल्यावर 'शेख' आधी, आधार कार्डावर 'शेख' शेवटी, गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव निराळ्या स्पेलिंगचे. पडताळणीच्या दिवशी हीच गोष्ट डोंगराएवढी होते. हे नाव पहिलीच्या प्रवेशाला शाळेतच लिहिले जाते, तेव्हा दुरुस्तीही आपल्यापासून सुरू करायला हवी. आम्ही आता दहावीच्या आधी प्रत्येक मुलाचे सगळे कागद शेजारी ठेवून बघतो. दुसरी गोष्ट, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा कित्येक मुस्लिम जमाती राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. पण दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो जाहिरात निघाल्यावर शोधायला गेले की मिळत नाही. आजोबांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, जन्ममृत्यूची नोंद, जे असेल ते आजच काढून ठेवावे. ज्यांची जमात यादीत नाही, त्यांना २०१९पासून आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळू शकतो. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असले पाहिजे. आमच्या मोहल्ल्यात बहुतेक घरे त्यात बसतात. दाखला मात्र बोटांवर मोजण्याइतक्या घरांनी काढला आहे.

आता मनातल्या गोष्टीविषयी. 'पोलीस आपले नाहीत' ही भावना आपल्यात आहे, आणि ती हवेतून आलेली नाही. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलींवरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. पोलिसांतल्या पक्षपाताबद्दल त्यात स्पष्ट लिहिले आहे. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात आकडे आले: लोकसंख्येत मुसलमान १३.४ टक्के, आयपीएसमध्ये ४ टक्के, शिपायांत ६ टक्के. २०१३नंतर तर पोलीस दलातली धर्मवार आकडेवारी प्रसिद्ध होणेच थांबले. हे सगळे खरे आहे. पण त्यातून दोन निष्कर्ष काढता येतात. एक, तिथे आपले काम नाही. दुसरा, म्हणूनच तिथे आपली मुले हवीत. पहिला निष्कर्ष काढणे सोपे आहे. त्याला पहाटे उठावे लागत नाही.

आणि खात्यात सगळे एकसारखे नसतात, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत शहीद झालेले हेमंत करकरे नव्वदच्या दशकात आमच्या चंद्रपूरचे पोलीस अधीक्षक होते. जंगलातली वाळलेली लाकडे आणून ते त्यांतून शिल्पे कोरत. त्यांचे नाव निघाले की आमच्या मोहल्ल्यातला माणूस आजही आवाज खाली आणून बोलतो.

वर्दीबरोबर काही गोष्टी सोडाव्या लागतात, हेही आम्ही लपवत नाही. राखीव पोलीस दलातल्या एका मुस्लिम जवानाला दाढी ठेवायची दिलेली परवानगी मागे घेतली गेली. तो न्यायालयात गेला. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तडजोडीने पुन्हा कामावर येण्याचे सुचवले, ते त्याने नाकारले. त्याचा निर्णय त्याच्यापाशी. आम्ही एवढेच म्हणतो की ज्याला जायचे आहे त्याने हे आधी जाणून जावे. मुलींचेही तेच. वर्दीचे नियम सगळ्यांना सारखे. आमच्या विद्यार्थिनीला आम्ही हे सांगितले. ती म्हणाली, "मालूम है सर. अम्मी को भी बताया." पुढे काही बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. तिच्या आणि तिच्या रबच्या मधली ती गोष्ट आहे.

राहिली भीती. १ मे २०१९ला, महाराष्ट्र दिनाच्याच दिवशी, कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण गेले. त्यांत बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे तौसिफ शेख होते. पाटोद्यापासून कुरखेडा कुठे आणि किती लांब, हे नकाशावर बघा. एका आईने आपला मुलगा तिथून इथे, आमच्या जंगलात, आमच्या रक्षणासाठी पाठवला होता. आणि आम्ही जंगलाच्या काठावर राहून बूट गेल्याचे समाधान मानले. त्यांचे नाव आम्ही वर्गात दरवर्षी १ मेच्या आधी घेतो.

तेव्हापासून दिवस बदलले आहेत. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी नक्षल चळवळीचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. चाळीस वर्षांच्या या लढाईत दोन्ही बाजूंनी जास्त करून आदिवासींचीच मुले मेली, हे विसरून आनंद करता येत नाही. पण २००९ साली आमच्या अम्मीने जे फोटो मोजले, तसे फोटो मोजायची पाळी पुढच्या आयांवर येऊ नये, अशी दुआ आता थोड्या विश्वासाने मागता येते.

धोका फक्त बंदुकीचा नसतो. आमच्याकडे रक्षणाचे दुसरे मोठे खाते म्हणजे वन. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत वाघ ही रोजची गोष्ट आहे. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी गावात पहिला पोचतो तो वनरक्षक. एका बाजूला चिडलेला गाव आणि दुसऱ्या बाजूला जखमी जनावर, अशा ठिकाणी तो हातात काठी घेऊन उभा असतो. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या कामात असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. कामावर होत्या, पुढे चालत होत्या. आमच्या सहा जणांपैकी दोघांना हेच खाते हवे आहे. त्यातला एक लाकडाच्या टालावर काम करणाऱ्याचा मुलगा आहे. झाडे सालीवरून ओळखतो. वनरक्षकाला निवडीच्या वेळी २५ किलोमीटर चार तासांत चालून दाखवावे लागते, मुलींना १६. तो म्हणतो, "ये तो मैं रोज का चलता." लेखी परीक्षेत मराठी तिथेही आहेच.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल की आमची विद्यार्थिनी आता वर्दीत असेल. नाही. पहिल्या भरतीत ती मैदानात चांगले गुण घेऊन निघाली आणि लेखीत थोड्या गुणांनी राहिली. निकालाच्या दिवशी तिने फोन केला नाही. दोन दिवसांनी तिची अम्मीच शाळेत आली. आम्हाला वाटले, आता बोलणी बसणार. ती या वेळी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "सर, मराठी में कम पड़े. मराठी का टाइम बढ़ाओ."

आम्ही वाढवला. आता रविवारीही बसतो. पहाटे मुले शाळेच्या मैदानावर धावतात. मैदान लहान आहे, ८०० मीटरला पाच फेऱ्या होतात. मुलगी अंधारात एकटी नको म्हणून अम्मी सोबत येते. फजर घरी पढून, शाल गुंडाळून ती कुंपणाशी उभी राहते आणि बोटांवर फेऱ्या मोजते. गेल्या आठवड्यात आम्हीही जुन्या चपला सोडून एक जोडी बूट घेतले. पस्तिशी उलटल्यावर भरती होणार नाही, पण मुलांबरोबर दोन फेऱ्या मारायला वयाची अट नाही. आम्ही धापा टाकत कुंपणाशी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "सर, आपकी दो ही हुई."

भरती पुन्हा येईल. सध्या आम्ही समासापर्यंत आलो आहोत.